आमिष आणि ल्यूर

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी वाक्प्रचारांच्या तासाला सरांनी फळ्यावर ‘आमिष दाखवणे’ असे लिहिले आणि अर्थ विचारला. ‘लालूच दाखवणे, मोहात पाडणे’ असे बरोबर उत्तर पुढच्या बाकावरून आले. मी मात्र न राहवून म्हणाले, “सर, आमिष दाखवत नाहीत, गरीला लावतात.” वर्ग हसला. माझे घर खाडीकाठी आहे हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे ते हसू जरा लांबलेच. सरही हसले, पण मग त्यांनी विचारले, “माशाला नुसते दाखवतात, देत काहीच नाहीत, असे काही नसते का?”

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. खरे पाहता ते उत्तर आमच्या घरी पडवीच्या वाशाला टांगलेले होते. चार इंच लांबीचा, रुपेरी पोटाचा, लाल डोळ्यांचा प्लॅस्टिकचा मासा. त्याला ‘ल्यूर’ म्हणतात. सरांनी तास संपल्यावर “वार्षिकांकासाठी लिहून दे” म्हणून सांगितले, आणि आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच असल्यामुळे नाही म्हणण्याचा धीर झाला नाही. वाचनालयात जे वाचायला मिळाले आणि वडिलांच्या होडीत बसून जे पाहिले, त्या दोहोंची गाठ घालण्याचा हा प्रयत्न आहे. त्यातील उणिवा वाचकांनी पोटात घालाव्यात.

शब्दांविषयी थोडेसे

‘आमिष’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मांस. शाकाहाराला ‘निरामिष’ म्हणतात ते त्यावरूनच. गळाला लावायचा मांसाचा तुकडा तो आमिष, आणि पुढे मोहात पाडणारी कोणतीही गोष्ट ते आमिष, असा या शब्दाचा प्रवास आहे. प्रमाण मराठीत ज्याला गळ म्हणतात त्याला आमच्या सिंधुदुर्गात गरी म्हणतात, आणि गरीने मासे धरण्याला ‘गरवणे’. गरीला जे लावायचे त्याला आम्ही घरात चारा म्हणतो. हा चारा म्हणजे खरेखुरे खाद्य असते : गांडूळ, कोळंबी, खेकड्याचा तुकडा, बारीक जिवंत मासा, नाहीतर कणकेचा गोळा.

ल्यूर हा शब्द इंग्रजीतून आला आणि आता आमच्याकडची तरुण मुले तो सर्रास वापरतात. धातू, लाकूड, प्लॅस्टिक, रबर किंवा पिसे यांपासून केलेली, माशाला खाद्य वाटावी अशी वस्तू म्हणजे ल्यूर. तिच्यात खाण्याजोगे काहीही नसते. तिला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही, म्हणून मीही तोच शब्द ठेवते. काही जण ‘कृत्रिम आमिष’ म्हणतात; पण मांसाचा कणही नसलेल्या वस्तूला आमिष म्हणणे मला पटत नाही. एकात अन्न आहे, दुसऱ्यात अन्नाचा भास आहे. बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात.

चाऱ्याचे काम

माझे वडील पूर्वी मोठ्या बोटीवर खलाशी होते. २०२१ साली जाळे ओढताना यंत्राच्या दोरात त्यांचा उजवा हात सापडला. दोन बोटे गेली आणि मनगट पूर्वीसारखे वळेनासे झाले. तेव्हापासून ते बोटीवर जात नाहीत. लहान होडी घेऊन कालावलच्या खाडीत गरवतात. आमचे घर त्यावर आणि आईच्या मासेविक्रीवर चालते. म्हणून चारा हा आमच्याकडे छंदाचा विषय नाही.

गरवायला निघण्यापूर्वीची पहिली मेहनत चाऱ्याचीच असते. ओहोटी लागली की आई आणि मी चिखलात उतरतो. बारीक सुंगटे, म्हणजे कोळंबी, लहान खेकडे, शेवट्यांची पिल्ले गोळा करतो. तांबोसा आणि पालू यांना ताजे सुंगट आवडते. चोणकाला जिवंत सुंगट किंवा जिवंत बारीक मासा लागतो. शिंगाळा फारसे आढेवेढे घेत नाही. वास मारणारा तुकडाही त्याला चालतो. खाडी सोडून वर नदीकडे गेले की गांडुळे लागतात, आणि तलावातल्या रोहू-कटल्यासाठी लोक कणीक, पेंड, भाजलेले पीठ यांचे गोळे करतात.

मासा या चाऱ्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः वासाने. माशाच्या नाकपुड्या श्वास घेण्यासाठी नसतात, त्या केवळ वास घेण्यासाठी असतात. पाण्यात बुडालेल्या मांसातून अमिनो आम्ले आणि इतर द्रव्ये विरघळून बाहेर पडतात, प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात, आणि त्या वासाच्या पट्ट्यात आलेला मासा प्रवाहाच्या उलट पोहत मूळ जागी येतो. शिंगाळ्यासारख्या मिशीच्या माशांना तर चव घेणारी इंद्रिये तोंडातच नव्हे, मिशांवर आणि अंगाच्या कातडीवरही असतात. तो जणू सर्वांगाने चव घेतो. म्हणूनच पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात आणि काळोख्या रात्रीही चारा काम करतो. तिथे डोळ्यांची गरजच नसते.

वडील दर थोड्या वेळाने गरी वर काढून सुंगट बदलत. मला लहानपणी ते उधळेपणाचे वाटे, कारण सुंगट अजून शाबूत दिसत असे. ते म्हणत, “बघ, पांढरा पडला. त्याचो जीव पाण्यात गेलो.” आता मला कळते की ‘जीव’ म्हणजे त्यातून धुऊन गेलेली तीच वासाची द्रव्ये. दिसायला चारा तोच असतो, पण माशाच्या दृष्टीने गरी रिकामी झालेली असते.

चाऱ्याचा दुसरा गुण असा की तो स्वतः काम करतो. गरी टाकली, शिसे तळाला टेकले, तंगूस बोटावर घेतला की माणसाने फक्त वाट पाहायची. वडिलांच्या जायबंदी हाताला हे काम जमते, याचे कारण हेच. दोष म्हणाल तर चाऱ्याला गिऱ्हाईक फार. खेकडे आणि बारीक मासे तो टोचून टोचून फस्त करतात आणि गरी तशीच राहते. पुष्कळदा खाडीतल्या निम्म्या जनतेला जेवू घालून आम्ही रिकाम्या हाती घरी येतो.

शिवाय चारा हे अन्नच असल्यामुळे त्याचा हिशोब स्वयंपाकघरातून सुरू होतो. ज्या दिवशी मासा लागत नाही त्या दिवशी आई म्हणते, “खावची सुंगटां गरीक लायतास, नि पोरांका नुसती पेज!” यात राग कमी आणि सत्य जास्त असते. चारा लावणारा माणूस माशाला काहीतरी खरोखरच देत असतो. मासा चतुर असेल तर तो खाऊन निघून जाईल, ही शक्यता त्याने मान्य केलेली असते.

ल्यूरचे काम

ल्यूर ही आधुनिक काळातील चैनीची वस्तू आहे असा माझा समज होता. तो खोटा निघाला. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेलेल्या एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील एका नदीवरच्या मासेमारांचे वर्णन केले आहे. तेथील मासे पाण्यावर उडणारी एक विशिष्ट माशी खात. पण ती माशी माणसाच्या हाताचा स्पर्श होताच रंग हरवून बसे, तिचे पंख मलूल होत आणि मासा मग तिला तोंड लावत नसे. म्हणून त्या लोकांनी गळाला तांबडी लोकर गुंडाळली आणि कोंबड्याची दोन पिसे बांधली. म्हणजे खरा चारा हाताळता येत नाही या अडचणीतून ल्यूरची युक्ती निघाली.

त्यानंतरच्या ल्यूरच्या जन्मकथाही अशाच साध्या आहेत. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल याने १८५२ साली चमचा-ल्यूरचे पेटंट घेतले. होडीत जेवताना त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला, आणि बुडताना लकाकणाऱ्या त्या चमच्यावर एक मोठा मासा झडप घालताना त्याने पाहिला, अशी कथा सांगतात. फिनलंडमधील लाउरी रापाला हा गरीब मासेमार होता. मोठे मासे लहान माशांच्या थव्यावर तुटून पडतात तेव्हा ते नेमका जखमी, लंगडत पोहणारा मासा उचलतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटवरची चांदी गुंडाळली आणि छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. तो मासा ओढला की दुखावलेल्या माशासारखा डुलत असे. १९४९ च्या सुमारास अमेरिकेतील निक क्रेम याने मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले. आज हजारो रुपयांना मिळणाऱ्या वस्तूंच्या मुळाशी कुणाची तरी पोटाची खटपट होती, हे वाचून मला रापालाविषयी आपुलकी वाटली.

आज ल्यूरचे अनेक प्रकार आहेत. लकाकणारा चमचा, दोरी ओढताच पाते गरगरणारी फिरकी, लाकडी किंवा प्लॅस्टिकचा मासा, शिशाचे डोके असलेली, खालीवर नाचवायची जिग, रबरी कोळंबी, आणि पिसांची माशी. प्लॅस्टिकच्या पुष्कळ माशांच्या हनुवटीला एक पारदर्शक पट्टी असते. मला ती शोभेची वाटली होती. पण तीच त्याचे सुकाणू आहे. दोरी ओढली की पाणी त्या पट्टीवर आदळते, मासा खाली बुडी घेतो आणि डावीउजवीकडे थरथरतो. ओढणे थांबले की तो नुसता तरंगतो किंवा बुडतो.

ल्यूरला वास नसतो. ती माशाच्या दोन वेगळ्या इंद्रियांना हाक मारते. एक दृष्टी. पण पाण्यात रंग हवेतल्यासारखे दिसत नाहीत. तांबडा प्रकाश पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे काही मीटर खोलीवर तांबडी वस्तू काळपट दिसू लागते. दुकानात माणसाला भुलवणारे रंग माशाला दिसतीलच असे नाही. दुसरे इंद्रिय म्हणजे पार्श्वरेषा. माशाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी बारीक रेघ दिसते, तिच्यातील संवेदनशील पेशींना पाण्याची हालचाल आणि कंप समजतात. त्याखेरीज आवाजही पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. ल्यूरची थरथर आणि तिच्या पोटातील छऱ्यांचा खुळखुळाट शिकारी माशाला असा दुरूनच कळतो.

येथे महत्त्वाची गोष्ट अशी की मासा ल्यूरवर झडप घालतो तेव्हा तो भुकेलेला असतोच असे नाही. समोरून काहीतरी अशक्त, पळणारे जात आहे, एवढ्यावरच शिकारी माशाचे तोंड उघडते. पुष्कळदा आपल्या जागेतून परक्याला हाकलण्यासाठीही तो चावतो. चारा भुकेला बोलावतो, ल्यूर स्वभावाला डिवचते. म्हणूनच कणीक खाणाऱ्या रोहू-कटल्यावर ल्यूरची मात्रा सहसा चालत नाही. ती चालते चोणक, तांबोसा, गोबरा, मरळ अशा शिकारी जातींवर. आमच्या पश्चिम घाटातील नद्यांतला महसीर दोहोंना दाद देतो. पुण्याच्या मुळा-मुठेतील महसीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केले, आणि हेन्री थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ च्या आपल्या ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकात महसीर कसा गळाला लावावा याची चर्चा विस्ताराने केली आहे.

आपल्याकडे त्याहून फार जुना ग्रंथही आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, कोणत्या माशाला काय खाऊ घालावे आणि त्यांना गळाने कसे धरावे हे सांगितले आहे. राजाचा तो विनोद होता. पण विनोदासाठीदेखील आधी माशाला खाऊ घालण्याची व्यवस्था त्याने सांगून ठेवली आहे, हे मला विशेष वाटले.

वाशावरचा मासा

आता आमच्या वाशावरच्या ल्यूरविषयी. दोन वर्षांपूर्वी पुण्याचे एक पाहुणे गरवण्यासाठी आले होते. वडिलांनी त्यांना होडीतून फिरवले. जाताना त्यांनी आपली एक जुनी काठी, रीळ आणि हा मासा वडिलांना देऊन टाकला. वडील म्हणाले, “ह्यां काय खेळणां? मासो काय पोर असा?” पण त्याची किंमत कळल्यावर त्यांनी तो जपून ठेवला. तेवढ्या पैशांत आमचा पंधरा दिवसांचा चारा झाला असता.

पुढे पावसाळ्यात एकदा चिखलात उतरण्यासारखे पाणी नव्हते आणि घरात चारा नव्हता. वडिलांनी तो मासा काढला. कांदळवनाच्या कडेला होडी लावून त्यांनी तो फेकला. फेकणे कसेबसे जमले. पण रीळ फिरवता फिरवता मधेच थांबायचे, मनगटाने हलका झटका द्यायचा, पुन्हा ओढायचे, हे त्यांच्या उजव्या हाताला जमेना. चार-पाच वेळा मासा नुसता ओंडक्यासारखा ओढला गेला. त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि मागे बसून सांगू लागले. “आता थांब. तो दमलो. आता भियालो, पळय त्याका. पुन्हा थांब.” ज्यांनी ल्यूर कधी वापरली नव्हती, त्यांना दुखावलेला मासा कसा पोहतो हे मात्र पुरते ठाऊक होते. माझा हात आणि त्यांचे डोळे, असे आम्ही पाऊण तास करत होतो. हात भरून आला. मी कंटाळून थांबले तेव्हा ते म्हणाले, “हात हलता तोवर तो मासो. हात थांबलो काय लाकूड.”

ल्यूरविषयी मी जे काही वाचले ते सगळे या एका वाक्यात आहे. चारा आपल्या अंगच्या गुणाने काम करतो, ल्यूर दुसऱ्याच्या हाताने. तिच्या अंगी स्वतःचे काहीच नसते, म्हणून तिला क्षणभरही विसावा देता येत नाही.

त्या दिवशी एक चोणक लागला. साधारण हातभर लांबीचा. वडिलांनी तो हातात घेतला, पाहिला आणि माझ्याकडे वळून विचारले, “सोडूया?” मला धक्काच बसला, कारण घरात पैसे नव्हते. चोणक, ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात, तो आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. हे मी त्यानंतर वाचले. वडिलांना शास्त्र ठाऊक नव्हते. पण ‘पोटात गाबोळी मोठ्याच चोणकात गावता’ हे ठाऊक होते. आम्ही तो सोडला नाही. घरी नेला, आईने विकला. पण तो सोडता आला असता, ही गोष्ट माझ्या मनात राहिली, आणि हाही चारा व ल्यूर यांच्यातील एक मोठा फरक आहे.

सुटका आणि किंमत

चारा मासा गिळतो, कारण ते अन्नच असते. त्याबरोबर गरीही घशात किंवा पोटात जाते. अशी खोल गेलेली गरी उपटून काढली तर कल्ले आणि आतडी फाटतात. तो मासा पाण्यात सोडला तरी बहुधा जगत नाही. ल्यूरवर मासा झडप घालतो, पण त्याला ते अन्न नव्हे हे लगेच कळते आणि तो थुंकू पाहतो. त्यामुळे गरी बहुतेक ओठाला किंवा जबड्याला लागते आणि काढणे सोपे जाते. लहान मासा परत सोडायचा असेल तर ल्यूर बरी, असे म्हणतात ते यासाठी. अर्थात हा नियम पक्का नाही. एका ल्यूरला तीन-तीन काट्यांच्या दोन गऱ्या असल्या तर त्या डोळ्यात नि कल्ल्यातही रुततात. उलट चाऱ्यासाठी टोक आत वळलेली गोल गरी वापरली तर ती घशातून सरकून जबड्याच्या कोपऱ्यात अडकते. खोल गेलीच तर तंगूस जवळ कापून गरी आत राहू द्यावी. उपटण्यापेक्षा त्यात माशाची जगण्याची आशा अधिक असते. वडिलांनी गेल्या वर्षापासून गोल गऱ्या घेतल्या आहेत. तेवढे माझ्या वाचनाचे फळ.

हा प्रश्न केवळ दयेचा नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. लहान मासा सोडायचा हे ठरवणे सोपे आहे. पण तो जिवंत सुटेल की मेलेला, हे गरीच्या टोकाला काय लावले होते त्यावर अवलंबून असते.

किमतीचा विचार केला तर चारा रोजचा खर्च आहे आणि ल्यूर एकदाचा. परंतु खडकाच्या कालवांत किंवा कांदळाच्या मुळांत अडकून ल्यूर तुटली की तो एकदाचा खर्च पुन्हा करावा लागतो. तुटलेला चारा खेकडे खातात, दोन तासांत त्याची निशाणी उरत नाही. तुटलेली प्लॅस्टिकची ल्यूर मात्र गऱ्यांसह खाडीत तशीच राहते. जिवंत चाऱ्यालाही धोका आहेच : एका तलावातून आणलेले जिवंत मासे दुसऱ्या तलावात सुटले तर तेथे परकी जात किंवा रोग पोचू शकतो. म्हणून उरलेला जिवंत चारा जिथला तिथेच सोडावा.

ही फसवणूक माणसानेच शोधली असेही नाही. खोल समुद्रातील काही माशांच्या डोक्यावर काठीसारखा अवयव असतो आणि त्याच्या टोकाशी राहणाऱ्या जिवाणूंमुळे ते टोक काळोखात प्रकाशते. लहान मासे त्या दिव्याकडे येतात आणि गिळले जातात. अमेरिकेतील नद्यांत एक कासव तळाशी तोंड उघडून पडून राहते. त्याच्या जिभेवर गांडुळासारखा तांबूस मांसल तुकडा असतो, तो ते वळवळवत ठेवते. पाहिलेत, येथेही वळवळ थांबली की मासा येत नाही.

पुन्हा फळ्यावरचा वाक्प्रचार

आता सरांच्या प्रश्नाचे उत्तर देते. होय, माशाला नुसते दाखवतात आणि देत काहीच नाहीत, असे असते. तीच ल्यूर. म्हणजे मराठीत आपण ‘आमिष दाखवणे’ म्हणतो तेव्हा शब्द चाऱ्याचा वापरतो आणि क्रिया ल्यूरची सांगतो. वर्गात मी जे म्हणाले ते अर्धेच बरोबर होते.

हे मला पुस्तकातून कळले असते तर बरे झाले असते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या फोनवर एक संदेश आला : घरबसल्या चित्रफिती पाहा, पसंती द्या, पैसे मिळवा. मी पाहिल्या. दीडशे रुपये खरोखर खात्यावर आले. मग ‘पुढच्या कामासाठी’ हजार रुपये आधी भरायचे होते. परीक्षेच्या अर्जासाठी आईने दिलेले पैसे होते, ते मी भरले. पडद्यावर माझ्या नावापुढे वाढत जाणारे आकडे दिसत होते, रोज नवा संदेश, रोज नवी घाई. मग आणखी तीन हजार मागितले आणि माझ्याजवळ ते नव्हते म्हणूनच मी थांबले. हजार गेले ते गेलेच.

मी आठ दिवस घरी सांगितले नाही. गरी, चारा, ल्यूर यांवर लेख लिहायला घेतलेली मुलगी मी, आणि दीडशे रुपयांचा चारा खाऊन हलत्या आकड्यांच्या मागे गेले. शेवटी सांगितले तेव्हा आई गप्प बसली. वडील म्हणाले, “फुकटचो चारो गावलो काय पयली गरी खंय ती बघूची, गो.” एवढेच. दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर होडी घेऊन गेले आणि माझा अर्ज मुदतीत भरला गेला.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजण माझ्यासारखेच घरातले पहिले आहेत. आपल्यासमोर काय काय हलवले जाते हे मी सांगायला नको. ओळखण्याची खूण खाडीने मला शिकवली आहे ती एवढीच : जे खरे असते ते तळाशी शांत पडून राहू शकते, त्याला वाट पाहता येते. जे सारखे हलत राहते, घाई करते, ‘आत्ताच’ म्हणते, त्याच्यामागे कुणाचा तरी हात असतो. आपण क्षणभर थांबून पाहावे. तो हातही कधीतरी दमतो, आणि मग समोर असते ते नुसते लाकूड.

तो रुपेरी मासा अजून वाशाला आहे. वडील चाऱ्यानेच गरवतात. पाऊस फार झाला आणि चारा नसला की मला हाक मारतात. मग मी काठी धरते आणि ते मागे बसून, माशाने केव्हा दमायचे ते सांगतात.